हार्डनेक लसूण घरच्या बागेत: बेण्यापासून साठवणीपर्यंत

लसणाचा गड्डा हातात घ्या आणि मानेपाशी चिमटीत दाबून पाहा. मान मऊ असेल, वाळक्या पानासारखी चुरगळत असेल तर तो सॉफ्टनेक, म्हणजे मऊ मानेचा लसूण. मधोमध पेन्सिलीसारखा टणक दांडा लागला आणि त्याच्याभोवती मोठ्या पाकळ्या एकाच फेरात उभ्या दिसल्या तर तो हार्डनेक. तो दांडा म्हणजे झाडाचा फुलोऱ्यावर येण्याचा प्रयत्न. मऊ मानेच्या लसणाने माणसाच्या हाताखाली पिढ्यान् पिढ्या वाढताना ही सवय जवळजवळ सोडून दिली. हार्डनेकने मात्र ती जपली आहे.

लसणाचं मूळ घर मध्य आशियात. तिथला हिवाळा कडक, वसंत आखूड आणि उन्हाळा कोरडा. या लसणाचं वेळापत्रक अजूनही त्याच हवामानाचं आहे. थंडीच्या आधी मुळं धरायची, थंडी जमिनीत काढायची, ऊब येताच झपाट्याने पानं काढायची, दिवस मोठे झाले की गड्डा भरायचा आणि उन्हाळ्यात झोपी जायचं. हा क्रम मी सर्वांत आधी सांगतो, कारण खाली लिहिलेली प्रत्येक पायरी त्यातूनच येते. क्रम डोक्यात बसला की तुमच्या बागेतली तारीख तुम्हीच ठरवू शकाल.

कोणता प्रकार निवडावा

हार्डनेकमध्ये तीन मोठे गट आहेत. पोर्सेलीन गटाच्या गड्ड्यात साधारण 4 ते 6 भल्यामोठ्या पाकळ्या असतात, साल पांढरी आणि जाड. नीट सुकवला तर हा सहा महिने, कधी त्याहूनही जास्त टिकतो. पर्पल स्ट्राइप गटाच्या सालीवर जांभळ्या रेघा असतात, पाकळ्या 8 ते 12. रोकाम्बोलची चव अनेकांना सगळ्यांत भरदार वाटते आणि त्याची साल बोटाने निघते, पण ही सैल सालच त्याच्या मुळावर येते. तीन-चार महिन्यांत तो सुकायला किंवा कोंब काढायला लागतो. उबदार हिवाळा आणि ओली, जड जमीनही त्याला मानवत नाही.

पहिल्यांदा लावत असाल तर पोर्सेलीन गटातलं एखादं वाण घ्या. ‘म्युझिक’ हे त्यातलं प्रसिद्ध वाण, जोमदार आणि चुका सांभाळून घेणारं. पर्पल स्ट्राइपमध्ये जॉर्जिया या देशातून आलेलं ‘चेस्नोक रेड’ नावाजलेलं आहे. हिवाळा सौम्य असलेल्या ठिकाणी क्रिओल किंवा टर्बन गटातली वाणं पाहा. त्यांना थंडी कमी लागते आणि दांडाही ती मनापासून काढतातच असं नाही. जिथे थंडी पडतच नाही तिथे मात्र मऊ मानेचा लसूण लावणंच शहाणपणाचं.

एलिफंट गार्लिक या नावाने मिळणारा अवाढव्य गड्डा यात धरू नका. तो लसूण नव्हे, लीकचा (कांद्याच्या कुळातल्या एका भाजीचा) जवळचा नातलग आहे.

बेणं

लसणाला सहसा खरं बी धरत नाही. पाकळी लावायची आणि तिच्यातून तिचीच प्रतिकृती उगवायची, असं चालत आलेलं आहे. त्यामुळे वाण वर्षानुवर्षं तसंच्या तसं राहतं. पण पाकळीत विषाणू, सूत्रकृमी (डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) किंवा बुरशी असेल तर तीही तशीच पुढच्या वर्षात जाते. म्हणून बेण्यावर काटकसर करू नये. खाण्यासाठी विकला जाणारा लसूण कुठल्या हवामानातला आहे ते कळत नाही, त्यावर कोंब न फुटण्यासाठी प्रक्रिया केलेली असू शकते आणि तो बेण्यासारखा रोगांसाठी तपासलेला नसतो. बेणं म्हणून विकला जाणारा लसूण घ्या, किंवा ज्याचा वाफा तुम्ही स्वतः पाहिला आहे अशा बागायतदाराकडून आणा.

किती घ्यायचं याचा हिशेब सोपा आहे. पोर्सेलीनचा गड्डा साधारण 50 ग्रॅमचा आणि त्यात 5 पाकळ्या धरल्या तर किलोभर बेण्यात 100 पाकळ्या होतात. ओळीत 15 सेंमी आणि दोन ओळींत 20 सेंमी अंतर ठेवलं तर त्यांना 3 चौरस मीटर जागा लागते. एका पाकळीचा एक गड्डा, हे गणित पक्कं.

मोठी पाकळी लावली की मोठा गड्डा मिळतो, यात फारसा अपवाद नाही. कोवळ्या रोपाचा पहिला शिधा पाकळीतच असतो. बारक्या पाकळ्या स्वयंपाकात वापरा, टपोऱ्या वाफ्यात जाऊ द्या. याच्या उलट करण्याचा मोह दरवर्षी होतो आणि दरवर्षी तो आवरावा लागतो.

थंडीचा हिशेब

हार्डनेक लसणाचा गड्डा पाकळ्यांमध्ये विभागला जावा म्हणून त्याला साधारण 0 ते 10 अंश सेल्सिअसची थंडी सलग सहा ते आठ आठवडे मिळायला हवी. ती मिळाली नाही तर झाड वाढतं, हिरवंगार दिसतं आणि काढणीच्या वेळी हातात कांद्यासारखा गोल, एकसंध गोळा येतो. माझ्या पहिल्या वर्षी निम्मा वाफा असाच निघाला. मी खताला दोष दिला, पाण्याला दिला. खरं कारण एवढंच होतं की मी उशिरा लावलं होतं आणि त्या वर्षी थंडी लवकर सरली होती. ते गोळे मी फेकले नाहीत. पुढच्या हंगामात तेच लावले आणि त्यांतून भरलेले, पाकळ्या सुटलेले गड्डे आले. तुमच्याकडेही असं झालं तर गोळे खा किंवा पुन्हा लावा, नुकसान फक्त एका वर्षाचं आहे.

हिवाळा पुरेसा थंड नसेल तर बेणं फ्रिजमध्ये ठेवून ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढता येते. गड्डे न फोडता, भोकं पाडलेल्या कागदी पिशवीत, 4 ते 7 अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवावेत. आत ओल साचत नाही ना, बुरशी धरत नाही ना हे आठवड्यातून एकदा पाहावं. बाहेर काढल्यावर मात्र वेळ घालवू नये, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावून टाकावं.

जिथे जमीन गोठते तिथे लावणी जमीन गोठण्याच्या चार ते सहा आठवडे आधी करायची. तेवढ्यात मुळं खोल जातात, पण पानं फारशी वर येत नाहीत. फार लवकर लावलं तर उंच वाढलेली पानं दहिवराने करपतात. फार उशीर केला तर मुळं धरायला वेळच मिळत नाही आणि गोठणारी, वितळणारी माती पाकळीला उचलून वर फेकते. चार-पाच सेंमीचा कोंब वर आला असताना थंडी सुरू झाली तर घाबरू नका, तो तग धरतो. हंगाम हुकलाच तर थंडी सरता सरता, माती खुरपता येऊ लागताच लावा. गड्डे लहान येतील, आणि थंडी पुरली नाही तर काही एकसंध गोळेच निघतील.

जमीन

दिवसाला किमान सहा तास ऊन, भुसभुशीत पोयट्याची माती, सामू (pH) 6 ते 7. या तिन्हींपेक्षा महत्त्वाचा निचरा. थंड, ओल्या मातीत महिनोन्‌महिने पडून राहणारी पाकळी सगळ्यात आधी बुडाकडून सडते. खात्री नसेल तर हातभर खोल खड्डा खणून पाण्याने भरा, पाणी जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-पाच तासांनीही तसंच उभं असेल तर तिथे सपाट वाफा करू नका, 20 ते 30 सेंमी उंचीचा गादीवाफा करा.

लावणीपूर्वी तीन-चार सेंमी जाडीचा चांगला कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा थर मातीत मिसळावा. अर्धवट कुजलेलं खत नको, त्याच्यासोबत किडीही येतात. माती वाफशावर असतानाच खणावी. मूठभर माती दाबून सोडली की गोळा हलक्या धक्क्याने फुटायला हवा. चिखलात केलेली मशागत पुढे दगडासारखी घट्ट होते आणि गड्ड्याला फुगायला जागा देत नाही.

ज्या जागी गेल्या तीन-चार वर्षांत कांदा, लसूण, लीक किंवा त्यांच्या कुळातलं काही नव्हतं तीच जागा निवडा.

कुंडीत लावायचं असेल तर ती किमान 25 ते 30 सेंमी खोल हवी. कडक थंडीच्या ठिकाणी कुंडीतली माती सगळ्या बाजूंनी गोठते, म्हणून ती भिंतीच्या आडोशाला ठेवून भोवती वाळलेली पानं रचावीत.

लावणी

गड्डे लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी फोडा. आधी फोडून ठेवलेल्या पाकळ्या सुकतात. फोडताना मधला दांडा हातात धरून बाजूला वाकवला की पाकळ्या सुटतात. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी एक चपटी, खरबरीत चकती असते. मुळं तिथूनच फुटणार आहेत, तेव्हा तिला इजा होऊ देऊ नका आणि वरची साल सोलू नका. डाग पडलेली, मऊ लागणारी, चकतीवर बुरशी दिसणारी पाकळी बाजूला काढा. पाकळ्या निरनिराळ्या द्रावणांत बुडवून लावण्याची पद्धत आहे. निरोगी बेण्याला त्याची गरज पडत नाही असं माझं मत आहे, आणि रोगट बेणं तेवढ्याने बरं होत नाही.

टोक वर, चकती खाली. हार्डनेकच्या बाबतीत हे काटेकोरपणे पाळावं. उलटी पाकळी उगवते, पण तिचा कोंब वळसा घेऊन वर येतो, त्यात शक्ती जाते आणि गड्डा वाकडा, बारका राहतो. पाकळीच्या टोकावर सौम्य हवामानात 5 सेंमी आणि कडाक्याच्या थंडीच्या ठिकाणी 8 ते 10 सेंमी माती असावी. पाकळी अंगठ्याने मातीत दाबून घालू नका, चकती दुखावते. काठीने भोक पाडावं, पाकळी आत ठेवावी, माती लोटून हलक्या हाताने दाबावी. मग एकदा भरपूर पाणी द्यावं. प्रत्येक वाणाची पाटी तेव्हाच लावा. आठ-नऊ महिन्यांनी कोणती ओळ कोणाची हे आठवत नाही.

वर 10 ते 15 सेंमी जाडीचं काडाचं किंवा वाळलेल्या पानांचं आच्छादन घाला. त्याने मातीचं तापमान एकदम खालीवर होत नाही, ओल टिकते आणि तणही दबतं. पानं घालणार असाल तर आधी चुरडून घ्या, अख्खी पानं भिजून चटईसारखी थापली जातात आणि कोंबाला वर येऊ देत नाहीत. हिवाळा फार ओला असेल तर थर पातळ ठेवा.

पानं म्हणजेच गड्डा

थंडी सरली की कोंब आच्छादनातून वर येतात. कुठे अडकले असतील तर बोटाने काड बाजूला करा. इथून दिवस मोठे होईपर्यंतचा काळ साऱ्या हंगामातला सर्वांत मोलाचा आहे. गड्डा भरायला लागला की झाड नवी पानं काढायचं थांबवतं. तोवर जेवढी पानं झाली असतील तेवढ्याच भांडवलावर गड्डा पोसला जातो. शिवाय प्रत्येक पानाचं खालचं आवरण गड्ड्याभोवती एक एक साल होऊन राहतं. पानं कमी तर गड्डा लहान आणि सालही कमी, म्हणजे टिकणंही कमी. गड्डा फुगायला लागल्यावर घातलेलं खत ही चूक सुधारू शकत नाही.

म्हणून नत्र द्यायचं ते आत्ताच. कोंब बोटभर झाले की ओळींच्या मधोमध कंपोस्ट किंवा एखादी पेंड पसरून मातीत हलकेच मिसळा, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा द्या. दांडा दिसायला लागला की नत्र पूर्ण बंद. उशिरा दिलेल्या नत्राने मान जाड राहते, गड्डा नीट सुकत नाही आणि कधी पाकळ्या आतल्या आतच पुन्हा कोंब काढतात.

पाण्याचं प्रमाण आठवड्याला साधारण 2.5 सेंमी, पाऊस धरून. मुळं उथळ असतात, म्हणून वरचा थर कोरडा ठणठणीत होऊ देऊ नये, आणि कायम चिंबही ठेवू नये. काढणीच्या दोन आठवडे आधी पाणी तोडा.

तणाच्या बाबतीत लसूण अगदी दुबळा आहे. त्याची अरुंद, उभी पानं जमिनीवर सावली करत नाहीत, त्यामुळे तण त्याला सहज मागे टाकतं. खुरपं वरवरच चालवा किंवा हाताने उपटा, खोल खुरपणीने मुळं तुटतात.

ऊब यायच्या सुमारास पानांचे शेंडे पिवळे दिसले तर बहुतेक वेळा ती थंडीची खूण असते आणि नवी पानं हिरवी येतात. सगळं रोपच फिकट दिसत असेल तर नत्र कमी पडतंय किंवा मुळाशी पाणी साचतंय. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर ते फुलकिडे, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बरेच आटोक्यात येतात. नारिंगी पुटकुळ्या म्हणजे तांबेरा. काढणी जवळ आली असताना थोडा आला तर गड्ड्याचं फारसं बिघडत नाही. लवकर आला तर पानं जातात आणि गड्डा लहान राहतो.

खरी भीती पांढऱ्या सडीची. खालची पानं अकाली पिवळी पडतात, रोप ओढताच सहज हातात येतं आणि बुडाशी पांढऱ्या कापसासारखी बुरशी व तिच्यात खसखशीहून बारीक काळे दाणे दिसतात. ते दाणे जमिनीत वीस वर्षांहून अधिक काळ जिवंत राहतात आणि कांदा-लसणाच्या मुळांतून पाझरणाऱ्या गंधकयुक्त द्रव्यांची चाहूल लागली की जागे होतात. घरच्या बागेत यावर इलाज नाही. रोप भोवतालच्या मातीसकट उचलून बागेबाहेर न्या, कंपोस्टमध्ये टाकू नका. खुरपं, फावडं आणि चपलांची माती धुऊन काढा, आणि त्या वाफ्यात या कुळातलं काही लावू नका. बेण्याबद्दल मी एवढा आग्रह धरतो तो यासाठीच.

दांडा काढणं

वरच्या पानांमधून दांडा निघतो, वाढता वाढता वळसा घेतो. एक वळसा पूर्ण झाला की तो शेवटच्या पानाच्या वर कापा किंवा मोडा, पानाला धक्का न लावता. दांडा तसाच ठेवला तर झाडाचं अन्न वरच्या कळीत जातं आणि गड्डा लहान राहतो. हलक्या, कस नसलेल्या जमिनीत हा फरक जास्त जाणवतो. वळशाच्या अवस्थेतला दांडा कोवळा आणि खायला उत्तम असतो, सरळ उभा होऊ लागला की चिवट होतो. दोन-तीन झाडांचे दांडे मुद्दाम राखून ठेवा, ते कशासाठी ते शेवटी येईल.

काढणी

दांडे काढल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत काढणी येते, पण तारखेपेक्षा पानं पाहा. पानं खालून वर सुकत जातात. खालची तीन-चार पूर्ण वाळलेली आणि वर पाच-सहा अजून हिरवी, ही काढणीची वेळ. कांद्यासारखी मान पडण्याची वाट पाहू नका, कडक मानेचा लसूण आडवा पडत नाही. एक हिरवं पान म्हणजे गड्ड्यावर एक शाबूत साल, हे लक्षात ठेवलं की निर्णय सोपा होतो. शंका असेल तर एक गड्डा उकरून आडवा कापा. पाकळ्यांनी सालीखालची जागा पूर्ण भरली असेल तर काढा, दांडा आणि पाकळ्यांमध्ये फट नसेल तर अजून आठवडाभर थांबा. उशीर झाला तर साल मातीतच कुजते, पाकळ्या उघड्या पडून एकमेकींपासून फाकतात आणि असा गड्डा टिकत नाही.

पानं धरून उपटू नका. बाजूने फावडं किंवा खणती घालून माती सैल करा आणि गड्डा उचला. ताजा गड्डा बटाट्यापेक्षाही नाजूक असतो, तो आपटला की आतून काळा पडतो. धुऊ नका. मुळांवरची माती हाताने झटका.

सुकवण आणि साठवण

उन्हात वाळवू नका, कोवळे गड्डे भाजतात. सावलीत, वारा खेळता असेल अशा जागी पानांसकट जुड्या बांधून टांगा किंवा जाळीवर एका थरात पसरा. 25 ते 30 अंश तापमानात तीन ते चार आठवडे लागतात. मान जाड असल्याने हार्डनेकला मऊ मानेच्या लसणापेक्षा सावकाश सुकू द्यावं लागतं. हवा दमट असेल तर पंखा लावा. गड्ड्याच्या वर 2 सेंमीवर दांडा कापून पाहा, कापलेल्या जागी ओल किंवा हिरवेपणा दिसला तर सुकवण अपुरी आहे. पूर्ण सुकल्यावरच मुळं छाटा आणि वरचा मातकट पापुद्रा काढा, त्याहून जास्त सोलू नका.

जाळीच्या पिशवीत, 13 ते 18 अंशांवर, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. खायचा लसूण फ्रिजमध्ये नको. बेण्याला जी थंडी आपण मुद्दाम देतो, तीच साठवणीतल्या लसणाला कोंब काढायला लावते.

खायला घेण्याआधी पुढच्या वर्षाचं बेणं वेगळं काढा. सर्वांत मोठे, घट्ट, निर्दोष गड्डे निवडा. पोर्सेलीनच्या 5 पाकळ्या धरल्या तर पाचातला एक गड्डा बेण्याला जातो, त्यावर थोडे जास्तीचे ठेवावेत. चार-पाच हंगाम असं करत गेलात तर ते वाण तुमच्या मातीला चांगलं रुळतं.

राखून ठेवलेले दांडे

त्या दोन-तीन झाडांच्या टोकाला कळी फुगते आणि तिच्यात फुलांबरोबर चिमुकल्या कंदिका भरतात. पोर्सेलीनमध्ये त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या आणि शंभराच्या आसपास, रोकाम्बोलमध्ये वाटाण्याएवढ्या पण मोजक्या. त्या मातीला टेकलेल्या नसतात, म्हणून जमिनीतली बुरशी आणि सूत्रकृमी त्यांच्याबरोबर येत नाहीत. विषाणू मात्र येऊ शकतात. बेणं हळूहळू रोगट होत चाललंय असं वाटलं तर वाण न सोडता ते स्वच्छ करण्याचा हा घरगुती मार्ग आहे.

कळीची साल फाटली की दांडा कापून सुकवा. कंदिका लसणाबरोबरच, नव्या वाफ्यात, 2 ते 3 सेंमी खोल आणि तेवढ्याच अंतरावर पेरा. पहिल्या वर्षी गवतासारखी पाती येतात, ती तण समजून उपटली जाणार नाहीत यासाठी पाटी लावा. हंगामाच्या शेवटी लहान गोळे मिळतील. ते सुकवून पुन्हा नेहमीच्या वेळी लावा. रोकाम्बोलचे गड्डे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आकाराला येतात, पोर्सेलीनला आणखी एखादं वर्ष लागतं.